मुलांसाठी माहितीची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या वाचनालयात विज्ञान, निसर्ग आणि इतिहास ही तीन कपाटं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. पुस्तकं मुलं निवडतात, प्रश्न मोठी माणसं विचारतात आणि बहुतेकदा तेच ते विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

माहितीचं पुस्तक म्हणजे नेमकं कोणतं? पाठ्यपुस्तकातही माहितीच असते की.

असते, पण पाठ्यपुस्तकाला वर्षभरात ठरलेला भाग संपवायचा असतो. ज्वालामुखीला तिथे दीड पान मिळतं आणि मूल जरा रंगात आलं की धडा संपतो, खाली स्वाध्याय सुरू होतो. माहितीच्या पुस्तकाच्या मागे असा तगादा नसतो. एकट्या मुंगीवर चाळीस पानं खर्च करायला ते मोकळं असतं.

हा प्रकार बराच जुना आहे. कोमेनियस या शिक्षकाचं सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापून झालं. आकाश, अग्नी, पक्षी, सुतारकाम, छापखाना असे दीडशे विषय त्यात होते. चित्रातल्या वस्तूला आकडा दिलेला आणि मजकुरात त्याच आकड्याशी तिचं लॅटिन आणि जर्मन नाव. शरीराच्या अवयवांची आकृती आपण आजही याच पद्धतीने छापतो.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. १९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरूंनी दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रं लिहिली. जगाचा इतिहास सांगायचा होता, पण सुरुवात कुठल्या राजापासून केली नाही. सुरुवात केली दगडगोट्यांपासून. नदीकाठचा गुळगुळीत गोटा हातात घेऊन तो असा गोल कसा झाला हे विचारायचं, इथून. विज्ञान, निसर्ग आणि इतिहास यांची कपाटं आपण वेगळी ठेवतो ती आपल्या सोयीसाठी. त्या गोट्यात तिन्ही आहेत.

चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? मुखपृष्ठं तर सगळीच देखणी असतात.

माझी एकच कसोटी आहे. कुठलंही पान उघडा, त्यावरचं एखादं ठाम विधान शोधा आणि पुस्तकालाच विचारा, “हे कसं कळलं?” आसपास उत्तर सापडलं तर उत्तम. नसेल तर दुसरं पान उघडा. तीन-चार पानांत एकदाही सापडलं नाही, तर पुस्तक जागेवर ठेवून द्या.

‘पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे’ हे वाक्य मूल वाचतं आणि पान उलटतं. आकडा मोठा आहे एवढंच डोक्यात राहतं. आता तेच दुसऱ्या तऱ्हेने सांगून पाहा. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. त्याच्या कानावर आलं होतं की दूर दक्षिणेला सायीनी गावात वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी विहिरीच्या तळाशी सूर्य दिसतो. म्हणजे त्या वेळी सूर्य तिथे बरोबर डोक्यावर. पण अलेक्झांड्रियात त्याच दिवशी, त्याच वेळी उभ्या वस्तूची सावली पडत होती. त्याने सावलीचा कोन मोजला. तो निघाला पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर पन्नासाने गुणलं की झाला पृथ्वीचा परीघ.

हे मी मुलांना वाचून दाखवते तेव्हा एक प्रश्न हटकून येतो, “म्हणजे तोपर्यंत पृथ्वीभोवती कोणी फिरलंच नव्हतं?” नव्हतं. पहिली प्रदक्षिणा पुरी करून जहाज परत आलं १५२२ मध्ये, सुमारे साडेसतराशे वर्षांनी. मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. आणि मग कोणीतरी काठी शोधायला जातं.

दुसरी खूण आहे पुस्तकाचा प्रामाणिकपणा. ‘हे अजून कळलेलं नाही’ असं वाक्य त्यात कुठे आहे का? युरोपातल्या नद्यांमधले ईल मासे हजारो किलोमीटर पोहत अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे जातात. त्यांची अगदी चिमुकली पिल्लं तिथे सापडतात. पण तिथे त्यांना अंडी घालताना आजवर एकाही माणसाने पाहिलेलं नाही. सिग्मंड फ्रॉइड पुढे मनाचा अभ्यासक म्हणून गाजला, पण त्याआधी १८७६ मध्ये याच कोड्यापायी त्याने चारशेच्या आसपास ईल चिरले होते. तो नर ईलचं वृषण शोधत होता. (हा तपशील मुलांना सांगायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगते, आणि त्यांच्या लक्षात नेमका तोच राहतो.) ज्या पुस्तकात सगळ्याच प्रश्नांना उत्तरं आहेत ते वाचून मुलाला वाटतं की आपल्यासाठी काही शिल्लकच नाही.

बाकी पाहायचं ते असं: शेवटी सूची आहे का, अवघड शब्दांचे अर्थ दिलेत का, चित्राखाली ते कशाचं आहे हे लिहिलंय का आणि पुस्तक कोणत्या साली छापलंय.

आमचा मुलगा डायनोसॉर सोडून दुसरं पुस्तक हातात धरत नाही. काय करावं?

काही करू नका. उलट, तुमचं काम सोपं झालंय.

डायनोसॉरच्या वाटेने कुठेही जाता येतं. मेरी ॲनिंगकडे जाता येतं. तिने इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कड्यातून इक्थिओसॉरचा सांगाडा शोधला तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. (इक्थिओसॉर डायनोसॉर नव्हे, समुद्री सरीसृप. चूक कराल तर तुमचा मुलगाच तुम्हाला दुरुस्त करील.) भाषेकडे जाता येतं. रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये ग्रीक शब्द जोडून हे नाव घडवलं, अर्थ साधारण ‘भयंकर सरडा’. रसायनशास्त्राकडेही जाता येतं. डायनोसॉर जिथे संपतात त्या काळाच्या खडकात मातीचा एक पातळ थर आहे. लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या थरात इरिडियम नावाचा धातू अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडला. पृथ्वीच्या कवचात तो दुर्मीळ, अशनींमध्ये भरपूर. म्हणजे काहीतरी प्रचंड वरून येऊन आदळलं असणार, असं त्यांनी १९८० मध्ये मांडलं. आदळल्याचं विवर मेक्सिकोत आहे याची खूण पटायला आणखी दहाएक वर्षं गेली.

आणि काळाचा अंदाज यायला तर डायनोसॉरसारखं साधन नाही. पाठीवर तबकड्या असलेला स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांची झुंज चित्रांत सर्रास दिसते. प्रत्यक्षात स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांच्यातलं अंतर टी-रेक्स आणि आपल्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे. हे ऐकून एका मुलाने खिशातली दोरी काढली, जमिनीवर पसरली आणि पाऊण तास त्यावर गाठी मारत बसला.

चित्रं जास्त आणि मजकूर कमी असलेलं पुस्तक म्हणजे बाळबोधच ना?

मुळीच नाही. माहितीच्या पुस्तकात चित्रही मजकुराइतकंच बोलतं आणि मजकुरासारखंच चुकूही शकतं.

१५१५ मध्ये भारतातून निघालेला एक गेंडा जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने तो कधी पाहिला नाही. हाती आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने घरबसल्या गेंड्याचं चित्र काढलं. अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी, पायांवर खवले आणि खांद्यापाशी एक जादा शिंग. चित्र इतकं झकास उतरलं की पुढची दोनशेहून अधिक वर्षं पुस्तकंवाले तेच उतरवून घेत राहिले, चुकीच्या शिंगासकट. हे चित्र आणि गेंड्याचा फोटो मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा. फरक ती शोधतात.

प्रमाणाची चूक मात्र अशी चटकन दिसत नाही. सूर्यमालेचं चित्र घ्या. आठही ग्रह पानावर मावावेत म्हणून ते एकमेकांना खेटून काढलेले असतात, चंद्र तर पृथ्वीच्या जणू कडेवर. यासाठी मी एक फुटबॉल आणि एक टेनिसचा चेंडू घेते. फुटबॉल पृथ्वी धरला तर चंद्र साधारण टेनिसच्या चेंडूएवढा. मग चेंडू एका मुलीच्या हातात देते आणि म्हणते, “चंद्र जिथे असेल तिथे जाऊन उभी राहा.” ती हातभर अंतरावर थांबते. “आणखी लांब.” दोन पावलं. “आणखी.” पाठ भिंतीला टेकते तेव्हा साडेसहा मीटर होतात आणि ती वैतागून विचारते, “मग पुस्तकात जवळ का काढलाय?” आता सूर्य. या प्रमाणात तो २४ मीटर रुंदीचा, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा, आणि अडीच किलोमीटरहून जास्त लांब. चांगल्या पुस्तकात अशा चित्राखाली ‘आकार व अंतरं प्रमाणात नाहीत’ अशी ओळ असते. नसेल तर पेन्सिलीने लिहून टाका.

जुनी पुस्तकं काढून टाकावीत का?

विषयावर अवलंबून आहे. मायकेल फॅरडेने मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. १८६१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. मेणबत्ती अजून तशीच जळते, त्यामुळे ते पुस्तकही जुनं झालेलं नाही. पण २००६ पूर्वीच्या खगोलाच्या पुस्तकात ग्रह नऊ असतात. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्लूटोला बटुग्रहांमध्ये टाकलं. शनीच्या चंद्रांचं तर विचारूच नका. २०२५ च्या मार्चमध्ये १२८ नव्या चंद्रांना एकदम मान्यता मिळाली आणि संख्या २७४ वर गेली. छापील पुस्तकाने हा आकडा ठामपणे सांगायच्या भानगडीत पडूच नये. १९९६ मध्ये चीनमधून पिसासारखं तंतुमय आवरण असलेल्या एका छोट्या डायनोसॉरचा जीवाश्म पुढे आला. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांतले सगळे गुळगुळीत, हिरवट डायनोसॉर जपूनच पाहायला हवेत.

तरीही मी अशी पुस्तकं रद्दीत घालत नाही. आतल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवते: ‘हे पुस्तक अमुक साली छापलं आहे. तेव्हापासून काय बदललं ते शोधा.’ १९५६ पर्यंत जाणती माणसंही माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असंच लिहीत होती. मग कोणीतरी नीट मोजली, ती ४६ भरली. जाणकारही अशी मोजदाद चुकतात, हे मुलांना कळलेलं बरं.

पुस्तकातच चूक सापडली तर?

तर साजरी करा. आमच्याकडे ‘चुकांची वही’ आहे. मूल चूक पकडतं, पान क्रमांक लिहितं आणि ती चूक का आहे हेही लिहितं. हा शेवटचा भाग सक्तीचा.

वहीतली पहिली नोंद एका सात वर्षांच्या मुलाची आहे. एका पुस्तकात शिरांमधलं रक्त निळं असतं असं छापलं होतं. त्याने विचारलं, “मग खरचटल्यावर कधीच निळं कसं येत नाही?” आकृतीत शिरा निळ्या रंगवतात त्या ओळखू याव्यात म्हणून. लेखकाने रंगाची खूण खरी मानली. रक्त लालच असतं, कधी भडक, कधी गडद. जिभेचा नकाशाही वहीत आहे: टोकाला गोड, मागे कडू वगैरे. १९०१ मधल्या एका जर्मन निबंधाचा पुढे भलताच अर्थ लावला गेला आणि तो नकाशा पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. खरं तर चारही चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. साखरेचं पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन हे दहा मिनिटांत तपासता येतं.

प्रयोगांची पुस्तकं घ्यावीत का?

घ्या, पण मुलांपुढे करायच्या आधी प्रयोग स्वतः करून पाहा. शिवाय पुस्तकातलं स्पष्टीकरणही तपासा. हे मी ठेच लागून शिकले.

बशीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वरून पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असं पुष्कळ पुस्तकं सांगतात आणि कितीतरी वर्षं मीही तेच सांगत होते. एकदा पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “पण ताई, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी जरासंच चढलं. विझल्यावर भरभर चढलं.” मी पुन्हा केलं. तिचं बरोबर होतं. ऑक्सिजन जळण्यात वापरला जातो, पण सगळा संपायच्या बराच आधी ज्योत विझते, आणि जळताना नवे वायूही तयार होतात. पाणी चढतं ते मुख्यतः पेल्यातली तापलेली हवा गार होऊन आक्रसते म्हणून. बारा मुलांपुढे मला म्हणावं लागलं की मी आजवर चुकीचं सांगत आले. पुस्तक अजून कपाटात आहे. त्या पानावर त्या मुलीचं निरीक्षण तिच्याच अक्षरात चिकटवलंय.

एक प्रयोग मात्र बिनधोक सुचवते, मोठं माणूस शेजारी असेल तर. मेणबत्ती फुंकून विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला वातीपासून थोडं वर जळती काडी लावा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. फॅरडेही हे दाखवत असे. जळतं ते मेणाची वाफ, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

मूल सलग वाचतच नाही. मधलंच पान उघडतं, चित्रं पाहतं, ठेवून देतं.

ही पुस्तकं अशीच वाचायची असतात. कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायची सक्ती करू नका.

निसर्गाची पुस्तकं वाचून मूल बाहेर पडेल, की घरात बसूनच ‘मला माहितीये’ म्हणेल?

दोन्ही होतं. पुस्तकात नुसती नावं आणि विक्रम असतील, म्हणजे सर्वांत वेगवान, सर्वांत विषारी, सर्वांत लांब, तर मूल आकडे फेकायला शिकतं. मला या विक्रमवाल्या पुस्तकांचा मनापासून कंटाळा आहे. मुलांना नाही, हे मान्य करायला हवं.

पण कोणीतरी तासन्‌तास बसून काय पाहिलं हे सांगणारं पुस्तक असेल, तर मूलही बसायला शिकतं. झाँ-आन्री फाब्र हा फ्रेंच माणूस आयुष्यभर किड्यांपुढे बसून राहिला. पाइनच्या झाडावरचे काही सुरवंट एकामागे एक रांगेने चालतात, पुढच्याने सोडलेल्या रेशमाच्या धाग्यावरून. फाब्रने त्यांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर आणली आणि वर्तुळ पुरं करून दिलं. आता पुढचा कोणीच नाही, प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी आहेच. ते फिरत राहिले. थंडीत थांबायचे, उबेत पुन्हा चालू लागायचे. सात दिवस. फाब्र रोज मोजत होता. या गोष्टीत विक्रम वगैरे काही नाही, पण वाचून झाल्यावर मुलं भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेत बोट फिरवून पाहतात.

मारिया सिबिला मेरियन ही आणखी एक. १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली, किडे पाहायला. अळी, कोश, फुलपाखरू आणि ती अळी जे झाड खाते ते झाड, सगळं एकाच चित्रात. तिचं पाहून मुलांना कोरी वही द्या. पानाचं चित्र काढताना शिरा समोरासमोर फुटतात की आड एक, हे पाहावंच लागतं. फोटो काढताना ते पाहिलं जात नाही.

चरित्रं आणि इतिहास यांत लेखक मनचे संवाद घालतात. ते चालतं का?

गोष्ट म्हणून चालतं. मग ती गोष्ट आहे असं पुस्तकाने सांगायला हवं.

जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि ‘मी खोटं बोलू शकत नाही’ म्हणत कबुली दिली, ही कथा जगभर मुलांना खरं बोलण्याचा धडा म्हणून सांगितली जाते. ती पहिल्यांदा आली वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, मेसन वीम्स याने लिहिलेल्या चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत, आणि तिला कसलाही भरवशाचा पुरावा नाही. खरेपणाचा धडा बहुधा बनावट, हे मोठ्या मुलांना सांगून पाहा. फार हसतात.

न्यूटनच्या सफरचंदाचं उलटं आहे. ते खोटं नाही. म्हाताऱ्या न्यूटनने १७२६ मध्ये बागेत बसलेला असताना विल्यम स्टकली या स्नेह्याला ती हकीकत सांगितली आणि स्टकलीने लिहून ठेवली. फक्त सफरचंद डोक्यात पडलं असं त्यात कुठे नाही. ते डोक्यात पाडलं आपण. आणि व्हायकिंगांच्या शिरस्त्राणावरची शिंगं रुजवली रंगभूमीने. १८७६ मध्ये वाग्नरच्या संगीतिकांसाठी शिवलेल्या पोशाखांतून ती लोकांच्या डोळ्यांत बसली. उत्खननात शिंगवालं व्हायकिंग शिरस्त्राण सापडलेलं नाही.

म्हणजे इथेही प्रश्न तोच, “हे कसं कळलं?” इतिहासात त्याला एक शेपूट जोडा: “आणि हे कोणी लिहून ठेवलं?” राजाचा दरबारी लेखक, हरलेल्या बाजूचा सैनिक आणि जिला लिहिताच येत नव्हतं अशी दासी, तिघांचा इतिहास वेगळा असणार. तिसरीचा आपल्याला मडक्यांच्या तुकड्यांतून वाचावा लागतो. ज्या पुस्तकात नुसती सनावळी आणि लढाया आहेत, त्यात ही तिसरी कधी येतच नाही.

युद्ध, गुलामगिरी, हत्याकांडं, हे कोणत्या वयात वाचायला द्यावं?

वयाचा आकडा मी देणार नाही. लहान मुलाला सगळं सांगायची गरज नसते. पण जे सांगाल ते पुढे मोठेपणी खोटं ठरता कामा नये, एवढं पाळा.

लाखांचे आकडे मुलांना पेलत नाहीत, आपल्यालाही पेलत नाहीत. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात गंजून गेलेली एक तीनचाकी सायकल आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी एक तीन वर्षांचा मुलगा ती चालवत होता. वडिलांनी मुलाबरोबर सायकलही घरामागे पुरली. चाळीस वर्षांनी त्यांनी ती बाहेर काढून संग्रहालयाला दिली. आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे मी एवढंच ठेवते. जखमांचे फोटो नाही. त्याने पुढे विचारलं तर पुढे सांगते. पान उलटलं तर मीही पान उलटते. आणि असं पुस्तक आधी स्वतः वाचल्याशिवाय, रात्री झोपताना, एकट्या मुलाच्या हातात देऊ नका.

मराठीतून वाचलं तर पुढे शास्त्रीय शब्द अडतील का?

मला उलट अनुभव आहे. ‘उभयचर’ म्हणजे दोन्हीकडे चरणारा, पाण्यात आणि जमिनीवर. ‘पृष्ठवंशीय’मध्ये पाठीचा कणा आहे. ‘जीवाश्म’मध्ये जीव आहे आणि दगड आहे. शब्द फोडला की व्याख्या बाहेर पडते, पाठ करावी लागत नाही. परका शब्द पुढे शिकला की मूल तो याच खुंटीवर टांगतं.

अडचण वेगळी आहे. काही लेखक ‘प्रारण’सारखा शब्द अर्थ न सांगता पानावर आपटतात आणि पुढे जातात. असं पुस्तक मूल बंद करतं ते विज्ञान अवघड म्हणून नाही, लेखकाने सोबत सोडली म्हणून. आणि ऑक्सिजनला ऑक्सिजन म्हटलं तरी काही बिघडत नाही.

मुलाने प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत नसेल तर?

“मला नाही माहीत, चल बघू” असं म्हणा आणि सूची उघडा. हे तुम्ही करताना मुलाने पाहणं महत्त्वाचं.

व्हिडिओ इतके सुंदर असताना पुस्तक कशाला?

उडणारं फुलपाखरू व्हिडिओतच पाहावं, पुस्तक तिथे हरतं. पण पान थांबतं. मुलाला बोट ठेवून विचार करायचा असेल तर ते वाट पाहतं आणि लगेच पुढचं काही सुरू करत नाही. घरात दोन्ही असू द्या.

ही पुस्तकं वाचून मूल शास्त्रज्ञ होईल का?

त्या आशेने आणू नका, मुलांना वास येतो. तरी एक खरी हकीकत सांगते. जेन मार्सेट या बाईंनी १८०६ मध्ये नाव न घालता रसायनशास्त्रावर एक पुस्तक छापलं. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या गप्पांच्या रूपात. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ म्हणून काम करणाऱ्या एका पोराच्या हाती ते पडलं. शाळा जवळपास नव्हतीच, बांधायला आलेली पुस्तकं हीच त्याची शाळा. त्याने त्यातली विधानं जमतील तशी स्वतः करून तपासली आणि ती खरी निघाली, म्हणून पुस्तकावर विश्वास ठेवला. तो पोरगा म्हणजे वर आलेला मेणबत्तीवाला फॅरडे. त्या दुकानातून आणखी किती पुस्तकं किती पोरांच्या हातांखालून गेली आणि पुढे काहीच झालं नाही, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आवडतं पुस्तक पार फाटलंय. नवं आणावं का?

आणा, पण फाटकं टाकू नका. आमच्याकडे एका डायनोसॉरच्या पुस्तकाची पाठ तीनदा चिकटवून झाली आहे. त्यातला टी-रेक्स ताठ उभा आहे, शेपूट जमिनीवर टेकवून. शेजारच्या नव्या पुस्तकात तोच टी-रेक्स पुढे झुकलेला, शेपूट मागे हवेत धरलेली. गेल्या आठवड्यात दोन मुलं ही दोन पानं समोरासमोर उघडून वाद घालत होती. एक जण शेपूट ओढत चालून दाखवत होता आणि दुसरा जमिनीकडे बोट करून विचारत होता, “मग पावलांच्या ठशांमध्ये शेपटीची रेघ का नाही?”